खांबाखालचं नाव

माझ्या सासऱ्यांचं नाव मी सांगणार नाही. राग मानू नका. तासबुलाकच्या टेकडीवर त्यांचा दगड उभा आहे, त्यावर ते कोरलेलं आहे, ज्याला हवं त्याने जाऊन वाचावं. मी केलिन, म्हणजे या घरची सून. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाही. लग्न होऊन आली की ज्याच्या-त्याच्यासाठी आपलं आपण एक नाव शोधते आणि मरेपर्यंत तेच चालवते. मी १९८४ साली या घरात आले, त्या दिवशी हे गृहस्थ सुनेला घ्यायला दारात नव्हते, विजेच्या खांबावर होते. वारा सुटला होता आणि कुठेतरी तार तुटली होती. तोंडावरच्या पदराआडून मला पहिल्यांदा दिसले ते आभाळाला टेकलेले त्यांचे बूट. म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं, उंच बाबा. गावाला हसू आवरेना, कारण खाली उतरल्यावर ते जेमतेम माझ्या खांद्याला लागत.

उंच बाबांनी चौतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली आणि पुढची सतरा वर्षं जुनी, विसरलेली कब्रस्तानं शोधून नीट करण्यात घालवली. लोक म्हणत, पेन्शनीत निघालेली माणसं मासे पकडतात, हा मेलेले पकडतो. आमच्या तारबगताई डोंगराच्या पायथ्याची सात कब्रस्तानं त्यांनी उजेडात आणली. पण सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. तासबुलाकच्या टेकडीवर एक खांब होता, आणि त्या खांबाखाली कोण आहे हे त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं. तिथे कोण आहे ते मला माहीत होतं. चौदा वर्षं मला ते माहीत होतं, आणि रोज सकाळी त्यांच्या वाटीत दुधाचा चहा ओतताना मी गप्प होते.

खांबाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

१९६८ साली तासबुलाकला वीज आली. उंच बाबा तेव्हा एकतीस वर्षांचे, नोकरीत मुरलेले. टेकडीवर खड्डा पाडायचं यंत्र लावलं होतं. तिथे जुनं कब्रस्तान आहे हे गावाला ऐकून माहीत होतं, पण दिसायला काही नव्हतं. एक मोठा उभा दगड, चार खचलेले ढिगारे, बाकी सगळं गवत. ज्या हिवाळ्यात सरकारने गुरं नेली आणि माणसं उपाशी मेली, त्या हिवाळ्यातल्या कबरींवर दगड कोण लावणार होतं? यंत्राचा फाळ वर आला तेव्हा मातीबरोबर हाडांचे पिवळे तुकडे आले. मुकादम म्हणाला, मेंढी असेल, रोव. उंच बाबांना ते मेंढीचं वाटलं नाही. पण मुकादमाला उलटून बोलायचे ते दिवस नव्हते आणि संध्याकाळी जिल्ह्याचा साहेब बघायला येणार होता. त्यांनी तुकडे पुन्हा खड्ड्यात टाकले, वर खांब रोवला आणि माती दाबली.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. त्यांच्या आईला आम्ही सगळे आझे म्हणायचो, तसंच सांगते. आझे पीठ मळत होती. तिने विचारलं, "मोठ्या कठीणपासून किती पावलं?"

हे कठीण म्हणजे दगड. आझेच्या थोरल्या दिराचं नाव तासतेमिर होतं, आणि तास म्हणजे दगड, म्हणून आझेने उभ्या जन्मात दगडाला दगड म्हटलं नाही. तासबुलाक या आमच्या गावालाही ती कठीणझरा म्हणायची. पोस्टमन बदलला की पहिला महिनाभर गोंधळ उडायचा.

उंच बाबा म्हणाले, "एकवीस. उगवतीकडे."

आझेने हात पिठातून काढले, धुतले आणि ती बाहेर जाऊन बसली. त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही. पंधरा दिवसांनी गावात दिवे लागले, माणसं टाळ्या पिटत रस्त्यावर आली, पण आझेने आपल्या खोलीतला दिवा लावला नाही. तेव्हाच नाही, पुढेही कधी नाही. एकतीस वर्षं ती रॉकेलच्या कंदिलाजवळ बसली. मुलगा वीज खात्यात आणि आई कंदिलाशी, गावाने काय कमी थट्टा केली? विचारलं तर ती म्हणायची, डोळ्यांना खुपतो. पुढे देश बदलला, चोरांनी तारा कापून भंगारात घातल्या आणि दोन वर्षं सगळा गाव अंधारात बसला, तेव्हा शेजारणी आझेकडे वात कापायला शिकायला यायच्या. ती म्हणायची, "आलात का माझ्या वाटेला?"

त्या दिवसांत जळणासाठी लोकांनी खांबही तोडून नेले. टेकडीवरच्या त्या एका खांबासमोर मात्र उंच बाबा उभे राहिले. तो उपटून काढावा असंही त्यांच्या मनात होतं, पण मुल्ला म्हणाला, एकदा दुखावलंत तेवढं पुरे, आता हलवू नका. म्हणून तार नसलेला, एकटा खांब तिथेच राहिला. दुसऱ्या वर्षी उंच बाबा पेन्शनीत निघाले आणि फावडं घेऊन टेकडीवर गेले.

त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. पहिला पातळ बर्फ पडला की इतर म्हातारे चुलीजवळ सरकायचे आणि हे टोपी चढवून निघायचे. माती खाली बसलेली असते तिथे बर्फ जास्त साचतो. दुपारपर्यंत बाकीचा वितळतो आणि लांबट पांढरे पट्टे उरतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. बाबा धावत-धावत प्रत्येक पट्ट्याच्या उशाला तार बांधायचा चिनी मातीचा एकेक पांढरा कप ठेवायचे. वखारीतल्या भंगारातून त्यांनी असे दोन पोती कप आणले होते. मी म्हटलं, मेल्यांना चहा पाजताय का? ते म्हणाले, तू जितेपणी पाज, नंतरचं मी बघतो. वसंतात मग भर घालायची, गवत कालवलेल्या चिखलाच्या विटा थापायच्या, गाई अंग घासायला येऊ नयेत म्हणून भोवती चर खणायचा. कबरीवरचं हिरवं गवत मात्र उपटायचं नाही, ते वाळल्यावर कापायचं. तारांच्या हिशोबात आयुष्य गेलेला माणूस, त्यांच्या ओळी सुतासारख्या सरळ असत.

पण ढिगारा नीट केला म्हणजे कबर झाली का? नाव लागतं. आणि नावं माहीत असलेली माणसं उरली होती फक्त म्हाताऱ्या बायका, म्हणजे सुना, म्हणजे ज्यांना ती घेता येत नाहीत.

१९९७चा हिवाळाभर आझे चुलीशेजारी लोकरीच्या जाड नमद्यावर बसायची आणि उंच बाबा शाळेची वही घेऊन तिच्या पायाशी. ती तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. सोळाव्या वर्षी ती या घरात आली होती आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिने घरातली जवळजवळ सगळी माणसं टेकडीवर पोचवली होती.

"आई, मोठ्या दगडाच्या डाव्या हाताला कोण?"

"लांबबाह्ये."

"त्यांचं खरं नाव?"

"जीभ झडेल माझी."

"अगं, पासष्ट वर्षं झाली त्यांना जाऊन."

"म्हणून काय ते माझे सासरे राहिले नाहीत?"

मी हसून हसून चहा सांडला. पण उंच बाबांनी हार मानली नाही. त्यांनी एक युक्ती काढली. आई कुठले साधे शब्द चुकवते याची त्यांनी वेगळी यादी केली. दगडाला ती कठीण म्हणते, म्हणजे तासतेमिर. मेंढीला बें-बें म्हणते, आणि मेंढीला कोय म्हणतात, म्हणजे घरात कोणी कोयशिबाय होता. मंगळवारला, म्हणजे सेयसेनबीला, ती सोमवारनंतरचा म्हणायची, त्यावरून सेयसेनबाय सापडला. हातोडीला, म्हणजे बालगाला, ठोक्या म्हणायची, त्यावरून बालगाबाय. मग ते जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जायचे, १९३१ साली लिहिलेल्या घरोघरच्या याद्या मागायचे आणि ताडून बघायचे. आझे आणि तिचा नवरा सोडून घरात मोठी माणसं नऊ. पुढे इतर गावांतही त्यांनी म्हाताऱ्या सुनांकडून अशीच नावं काढली. त्या पदराआड हसायच्या आणि म्हणायच्या, मी काही सांगितलं नाही हं, तुम्हीच ओळखलंत.

टेकडीवर आमच्या घराण्याच्या कोपऱ्यात पांढरे कप आठ होते, नववी जागा खांबाची. आझेने आठही सांगितले, कोण कुठे, कोणाचं डोकं कोणाच्या पायांशी. खांबाचं विचारलं की ती डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाचं टोक दातांत धरायची. उंच बाबांनी याचा अर्थ आमच्या लोकांनी लावला असता तोच लावला. जिची जागा सांगायलाही आईचं तोंड उघडत नाही अशी कोणीतरी फार मानाची व्यक्ती तिथे आहे, असं त्यांना वाटलं. यादीतलं एकच नाव शिल्लक होतं, बालगाबाय. आझे त्याला हसरे भाऊजी म्हणायची.

"हसरे भाऊजी कुठे गं?"

"ते त्याच हिवाळ्यात गेले."

इतकंच ती म्हणाली. बाबांनी वहीत लिहिलं, गेले.

१९९९च्या वसंतात आझे आजारी पडली. शुक्रवारी आमच्याकडे मेलेल्यांच्या नावाने सात शेलपेक तळतात, शेलपेक म्हणजे मोठ्या पातळ पुऱ्या. तळणाचा वास त्यांना पोचतो म्हणतात. आझे नेहमी सात तळायची आणि शेवटी उरलेल्या कणकेचा एक तळहाताएवढा. घरात पोरं होती, मला वाटायचं पोरांसाठी. त्या शुक्रवारी तिला उठवत नव्हतं, मी तळत होते, ती बघत होती. म्हणाली, "मी गेल्यावर धाकटा सोडू नकोस."

मी विचारलं, तो कोणाचा असतो?

मग तिने सांगितलं. उंच बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. १९३१च्या शेवटी झाली, याद्या लिहून गेल्यानंतर, म्हणून ती कुठल्याच कागदावर नाही. सव्वा वर्षाची होऊन गेली. आझेचं दूध आटलं होतं. जमीन गोठलेली होती, तिच्यावर शेणी पेटवून माती मऊ करावी लागली. नवरा-बायकोने मिळून खणलं. दोघांच्याही अंगात जोर नव्हता, गुडघ्याएवढंच खोल गेलं. खूण करायला काही नव्हतं, म्हणून तिने मोठ्या दगडापासून पावलं मोजली. उगवतीकडे एकवीस.

मला कढईकडे बघवेना. आझे रडत नव्हती. म्हणाली, "तो दिवा चालून येतो तो तिच्या अंगावरून, पोरी. मी कशी लावू?"

मी म्हटलं, बाबांना सांगा. ती म्हणाली, त्याला कळलं तर तो त्या खांबावरून कधी खाली उतरणार नाही. मग तिने माझा हात धरला आणि वचन घेतलं. तो विचारत नाही तोवर सांगायचं नाही, आणि त्याने विचारलंच तर खोटं बोलायचं नाही. मग माझ्या कानात मुलीचं नाव सांगितलं. ही मुलगी माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तिचं नाव मी घ्यायचं नाही, आणि केलिनला कोणी नाव विचारत नाही. आझेला हे पक्कं ठाऊक होतं. पेटीला कुलूप लावून किल्ली पेटीतच टाकावी तसं तिने ते नाव माझ्यात ठेवलं. दहा दिवसांनी ती गेली.

२००१ साली उंच बाबांनी खांबापाशी दगड लावला. बालगाबाय, बापाचं नाव, साल १९३३. मेंढी कापली, गाव जेवला, मुल्लाने कुराण वाचलं. मी मोठ्या पातेल्यातून मटण वाढत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं का? आज वाटतं, हो. पण त्या दिवसानंतर उंच बाबांना झोप लागायला लागली. तेहतीस वर्षांनी तो माणूस भिंतीकडे तोंड करून मुलासारखा घोरत होता. चुकीच्या नावाने का होईना, लागली. ती झोप मोडायला माझा हात धजला नाही.

अशी बारा वर्षं गेली. आमची पोरं शिकायला अल्माटीला गेली आणि तिथलीच झाली. शुक्रवारी मी सात तळत होते आणि एक धाकटा.

२०१३ साली चीनच्या बाजूने काही घरं परत आली आणि त्यातलं एक तासबुलाकला उतरलं. घरचा कर्ता तोक्तारबेक, पंचावन्न वर्षांचा, लाल गालांचा, बोलघेवडा. आजोबा इथले होते एवढंच त्याला माहीत होतं. कोणाचा कोण हे विचारायच्या आधीच बाबा त्याला टेकडीवर घेऊन गेले, इतकी त्यांना आपल्या कामाची हौस. मी आणि आमचे हे मागून थर्मास घेऊन. तिकडून आलेल्यांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत, त्यांची लिपी वेगळी. म्हणून उंच बाबा एकेका दगडापाशी थांबून मोठ्याने वाचून दाखवत होते. खांबापाशी आले, वाचलं.

तोक्तारबेक हसला. त्याला ती थट्टा वाटली. म्हणाला, "बालगाबाय तर माझे आजोबा. काका, ज्यांनी मला खांद्यावर बसवून सफरचंदं तोडायला लावली, त्यांना तुम्ही माझ्या जन्माआधीच इथे पुरलंत?"

कोणी हसलं नाही. मग तो सावरला आणि हळू सांगू लागला. आजोबा त्या हिवाळ्यात डोंगर ओलांडून गेले, इलीच्या काठी म्हातारे झाले, त्यांच्यावर त्याने स्वतःच्या हाताने माती टाकली. उंच बाबा दगडाकडे बघत होते. म्हणाले, "गेले. आई म्हणाली होती, गेले." आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दगड स्वतः काढला आणि पडवीत पालथा घातला. वय शहात्तर. वह्या पुन्हा काढल्या, दफ्तरखान्याच्या दोन खेपा केल्या, यादीत नऊच्या वर माणूस नव्हता. जेवण सुटलं. रात्रीची झोप तर गेलीच. खांबाखाली कोणीतरी आहे आणि पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर उभा आहे, असं ते आमच्या ह्यांना म्हणाले. मी चुलीशी उभी राहून ऐकलं. बोलायला तोंड उघडलं आणि पातेल्यात मीठ घातलं, दुसऱ्यांदा. केलिनला कोणी नाव विचारत नाही, आणि न विचारता सांगायचं नाही असं वचन. वर माझा स्वतःचा भित्रेपणा, तो का लपवू? बारा वर्षांपूर्वी मी गप्प राहिले होते हेही मग सांगावं लागलं असतं.

मग तो शुक्रवार आला. दुपारची वेळ, मी तळत होते, बाबा खिडकीशी बसले होते. लाइनमनच तो, नजरेने मोजायची सवय. ताटातले शेलपेक त्यांनी मोजले.

"सात आणि एक," ते म्हणाले. "घरात तर लहान मूल नाही."

मी कढईतला शेलपेक उलटला.

"आईही करायची. लहानपणी मला वाटायचं माझ्यासाठी करते. मलाच द्यायची खायला." मग त्यांनी विचारलं, "पोरी, हा कोणाचा?"

विचारलं. मी कढई खाली उतरवली.

"तुमच्याहून मोठ्या एका मुलीचा," मी म्हटलं.

"मोठी किती?"

"सव्वा वर्षाची."

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती, ती हंबरतच राहिली. "एकवीस पावलं," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मी मान हलवली. मग मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, शेणी पेटवल्याचं, गुडघ्याएवढ्या खोलीचं, दिव्याचं. २००१ साली मी गप्प राहिले तेही. त्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं केलंस. बारा वर्षं झोपलो." हे त्यांनी म्हणायला नको होतं, मला ते अजून सहन होत नाही.

"नाव होतं?"

"होतं."

एकोणतीस वर्षांत मी या घरातलं एकही नाव घेतलं नव्हतं. उंच बाबांना ते कळलं. ते उठले, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"मी ऐकत नाही," ते म्हणाले. "तू भिंतीला सांग."

मी भिंतीला सांगितलं, "उलतुआर."

माझी जीभ झडली नाही. उलतुआर म्हणजे मुलगा होईल. पहिली मुलगी झाली म्हणून आझेच्या सासूने ठेवलं होतं. आमच्याकडे मुलीच्या नावाने अशी मुलाला हाक मारतात. उंच बाबा भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

"म्हणजे ते नाव माझंच. तिला ठेवलं, पण बोलावलं मला." आणि मग, "होईल म्हणाले, झालो. आलो आणि तिच्यावर खांब रोवला."

त्यांनी धाकटा शेलपेक रुमालात बांधला, टोपी घातली आणि टेकडीवर गेले. आमचे हे मागे निघाले, त्यांना मी थांबवलं.

त्या थंडीत त्यांनी नदीतून एक लहान दगड आणवला, उशीएवढा. पडवीत शेगडी ठेवून ते छिन्नी धरून बसायचे. हात कापत होते. एका अक्षराला महिना लागला असेल. आम्ही म्हटलं, शहरात यंत्राने कोरून देतात. ते म्हणाले, यंत्राने एकदा झालंय. दुसरं अक्षर फार खोल आणि फार सुबक झालं, त्यांनी ते मला दाखवायला आत आणलं. बर्फ वितळायच्या आधी, फेब्रुवारीत, एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा शेगडी विझलेली होती आणि ते दगडावर कपाळ टेकून बसले होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, कोणत्या नावाने हाक मारू? उंच बाबा, म्हटलं. ते उठले नाहीत.

मी सांगितलं नसतं तर जगले असते का, असं गावात एक-दोघींनी विचारलं. मी स्वतःला रोज विचारते. उत्तर आलं तर कळवीन.

त्यांना आम्ही खांबाशेजारी ठेवलं. जमीन गोठलेली होती. शेणी पेटवल्या.

दगडावर दोनच अक्षरं झाली होती, उल. उरलेली आमच्या ह्यांनी कोरली. ह्यांचा हात मेंढ्यांचा, छिन्नीचा नव्हे. अक्षरं उथळ आणि वाकडी आली, वाऱ्याने त्यात माती भरते आणि ती दिसेनाशी होतात. पहिली दोन मात्र लांबूनही वाचता येतात. उल म्हणजे आमच्या बोलीत मुलगा. बाहेरगावची माणसं आपापली कब्रस्तानं नीट कशी करायची हे बघायला अजून येतात, खांबापाशी थांबतात आणि मला विचारतात, आजी, इथे कोणाचा मुलगा आहे?

मी बोटाने माती काढते आणि सांगते, इथे मुलगी आहे. मुलगा शेजारी आहे.